जुनी नॅरोबोट दुरुस्त करायची तर: कामाचा क्रम आणि कारागिरांची साथ

इंग्लंडच्या कालव्यांवर विकायला काढलेल्या जुन्या नॅरोबोटी, म्हणजे लांबट अरुंद बोटी, आतून बहुतेक सारख्याच दिसतात. ताजा रंग, पितळी दिवे, खिडकीला लेसचे पडदे, आणि जाहिरातीत ‘किरकोळ काम बाकी’ असं एक निरागस वाक्य. घेणारा माणूस पहिल्याच शनिवारी स्वयंपाकघराची कपाटं उचकटायला घेतो. तिथेच क्रम चुकतो. बोटीचं काम खालून वर आणि बाहेरून आत करायचं असतं. आधी पाण्याखालचं लोखंड, मग पंखा (प्रोपेलर) आणि त्याला फिरवणारा शाफ्ट, मग इंजिन, मग डिझेल, गॅस आणि वीज. लाकूडकाम नि रंग सगळ्यात शेवटी. तळाचा पत्रा बदलायची वेळ आली की वेल्डर आतली फळी, अस्तर, कधी अख्खं कपाट काढायला लावतो. नवं कोरं स्वयंपाकघर दोन महिन्यांत स्वतःच्याच हाताने उखडणारे लोक प्रत्येक बोटयार्डात भेटतात.

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या, आणि लंडनच्या भाड्याचे आकडे बघून किंवा निव्वळ हौसेपोटी जुनी बोट घेऊ पाहणाऱ्या मराठी मंडळींसाठी हे लिहितो आहे. आपल्यात पान्हे, मल्टिमीटर हाताळता येणारे खूप जण असतात, त्यामुळे ‘सगळं मीच करीन’ हा उत्साहही भरपूर असतो. बरंचसं करताही येतं. पण पाच ठिकाणी माणूस बोलवायचाच: पत्र्याची जाडी मोजायला, पाण्याखाली राहणाऱ्या पत्र्याच्या वेल्डिंगला, इंजिन शाफ्टला जुळवायला, गॅसला आणि २३० व्होल्टच्या विजेला.

आपल्या हातात नेमकं काय आहे

अठराव्या शतकात जेम्स ब्रिंडली आणि त्याच्या पाठोपाठच्या अभियंत्यांनी मिडलंड्समधले कालवे खोदले, तेव्हा पाणी आणि पैसा वाचवायला लॉक, म्हणजे बोट वर-खाली करणारे दरवाज्यांचे हौद, अरुंद बांधले, साधारण ७ फूट रुंदीचे. म्हणून बोट ६ फूट १० इंच, म्हणजे २.०८ मीटर रुंद. लांबी जास्तीत जास्त ७२ फूट. १९६२-६३ च्या हिवाळ्यात कालवे आठवडेच्या आठवडे गोठले आणि आधीच मरणपंथाला लागलेली मालवाहतूक जवळजवळ संपली. आज पाण्यावर दिसणाऱ्या बहुतेक बोटी त्यानंतरच्या, राहण्या-फिरण्यासाठी बांधलेल्या, वेल्डिंगच्या पोलादी बोटी.

नव्या बोटीचं वर्णन १०/६/४ असं करतात: तळ १० मिमी, बाजू ६ मिमी, केबिन ४ मिमी. १९७० च्या दशकातल्या बोटीत मात्र तळही ६ मिमीचाच, बाजू त्याहून पातळ, असं सर्रास सापडतं. म्हणजे पन्नास वर्षांत दोन मिमी गंजून गेले तर नव्या बोटीला काही होत नाही, जुनीची मात्र विमा काढायची पंचाईत होते.

तुमची बोट रिव्हेट मारलेल्या लोखंडाची असेल, तळ एल्म लाकडाचा असेल, एखाद्या जुन्या वाहतूक कंपनीची, उदाहरणार्थ फेलोज, मॉर्टन अँड क्लेटनची असेल, तर इथेच थांबा. ते काम ऐतिहासिक बोटी करणाऱ्या यार्डाचं. त्यावर नवा पत्रा चिकटवून मोकळं होणं म्हणजे जुन्या वाड्याच्या सागवानी खांबाला टाइल्स लावणं. पुढचं सगळं पोलादी बोटीबद्दल आहे.

पहिली पायरी: सर्व्हेअर

सर्व्हेअर विकणाऱ्याने सुचवलेला नको, आणि ज्या यार्डात काम होणार आहे तिथलाही नको. निदान करणारा आणि औषध विकणारा एकच असू नये. इंटरनॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ मरीन सर्व्हेइंग किंवा यॉट डिझायनर्स अँड सर्व्हेअर्स असोसिएशन यांचा सदस्य, शिवाय नॅरोबोटींचा अनुभव असलेला माणूस शोधा. समुद्रातल्या फायबरच्या यॉट बघण्यात मुरलेला सर्व्हेअर कालव्यातल्या गंजाला नवखा असू शकतो.

बोट पाण्याबाहेर काढूनच सर्व्हे करायचा. क्रेनने उचलून, रुळांवरच्या ट्रॉलीने ओढून किंवा ड्राय डॉकमध्ये पाणी सोडून देऊन, जसं जिथे जमेल तसं. चांगल्या डॉकची तारीख काही महिने आधी घ्यावी लागते, म्हणून बोट बघायला जायच्या आधीच फोन करा.

सर्व्हेअर आधी हातोडीने ठोकत जातो. जाड पत्रा खणखणतो, गंजलेला बद्द वाजतो. मग अल्ट्रासाउंडच्या यंत्राने ठिकठिकाणी जाडी मोजतो आणि खड्डे पडले असतील तर त्यांची खोली वेगळी मोजतो. हा दुसरा आकडा लोक वाचतच नाहीत. अहवालात ‘सरासरी ५.२ मिमी’ असेल आणि त्याच पत्र्यात २ मिमी खोल खड्डे असतील, तर तिथे उरले ३.२. बोट सरासरीने बुडत नाही, सगळ्यात पातळ जागेने बुडते. गंजाच्या आवडत्या जागा तीन: पाण्याची रेषा, तळ आणि बाजू जिथे जुळतात ती कड, आणि मागे पंख्याच्या आसपास.

विमा कंपन्या साधारण ४ मिमीची किमान जाडी धरून चालतात. हा कायदा नाही, पण थर्ड पार्टी विमा नाही तर कालवे सांभाळणाऱ्या कॅनाल अँड रिव्हर ट्रस्टचा परवाना नाही, आणि परवाना नाही तर बोट पाण्यात ठेवता येत नाही. त्यामुळे व्यवहारात तो कायदाच.

सर्व्हेच्या दिवशी स्वतः हजर राहा. खडूने पत्र्यावर आकडे लिहायला सांगा, प्रत्येकाचा फोटो काढा. नंतर वेल्डरशी बोलताना बारीक टाइपातल्या अहवालापेक्षा हेच फोटो जास्त उपयोगी पडतात. तीन प्रश्न नक्की विचारा: हा गंज आतून आला की बाहेरून? पुढची तपासणी किती वर्षांनी? आणि तुमची स्वतःची बोट असती तर आत्ता काय केलं असतं, काय सोडलं असतं? लिखित अहवालात सर्व्हेअर जपून बोलतो, ओट्यावर चहा घेताना मोकळं बोलतो.

दुसरी पायरी: पत्रा

खड्डे मोजके असतील तर ते एकेक करून वेल्डने भरता येतात. पट्टाच्या पट्टा पातळ झाला असेल तर त्यावर नवा पत्रा चढवतात, त्याला ओव्हरप्लेटिंग म्हणतात. तिसरा मार्ग जुना पत्रा कापून नवा बसवण्याचा. तो सगळ्यात स्वच्छ आणि सगळ्यात महाग.

ओव्हरप्लेटिंगबद्दल दोन टोकाची मतं ऐकू येतात. कोणी म्हणतं ही मलमपट्टी, कोणी म्हणतं नव्यासारखी बोट. दोन्ही खरं नाही. नीट केलेलं ओव्हरप्लेटिंग वीस-पंचवीस वर्षं सहज काढतं. नीट म्हणजे कसं, ते वेल्डरला पैसे देण्याआधी समजून घ्या. नव्या पत्र्याची कड जिथे संपते तिथे खालचा जुना पत्रा धडका हवा; पातळ पत्र्यावर वेल्ड मारला तर तो जाळून आरपार जातो. कडेचा वेल्ड अखंड हवा, टाके मारून सोडलेला चालत नाही, कारण दोन पत्र्यांमध्ये पाणी शिरलं की आतला गंज कुणालाच दिसत नाही. तळासारख्या मोठ्या पत्र्याला मधे-मधे भोकं पाडून प्लग वेल्ड करावे लागतात, नाहीतर तो फुगून सुटा राहतो.

मग वजनाचा हिशेब. पोलादाचा १ मिमी जाड, १ चौरस मीटर पत्रा साधारण ७.८५ किलोचा. ५० फुटी बोटीचा तळ धरा १५ मीटर गुणिले २ मीटर, म्हणजे ३० चौरस मीटर. त्यावर ६ मिमी पत्रा चढवला तर जवळपास १४०० किलो वाढले. बाजू धरल्या तर आणखी. बोट तेवढी खाली बसते, आणि तिच्यासोबत गॅसच्या कप्प्याची निचऱ्याची भोकं, एक्झॉस्ट, इंजिनखोलीच्या हवेच्या जाळ्या, सगळंच पाण्याजवळ येतं. सर्व्हेअर साधारणपणे पाणी आत शिरू शकेल असं सगळ्यात खालचं भोक पाण्यापासून २५० मिमी वर मागतात. म्हणून तेवढ्याच वजनाचं बॅलास्ट, म्हणजे फळीखालच्या फरशा नि विटा, बाहेर काढावं लागतं. हे काम तुम्ही करा. कंटाळवाणं आहे, पण वेल्डरच्या ताशी दराने फरशा उचलणं वेडेपणा आहे. शिवाय त्या निमित्ताने बिल्ज, म्हणजे फळीखालची तळाची पोकळी, पहिल्यांदाच कोरडं आणि उघडं दिसतं: कुठे पाणी साठत होतं, शॉवरखालून की खिडकीतून, ते गंजाच्या डागांवरून कळतं.

वेल्डर येण्याआधीची यादी छोटी पण जिवाशी खेळणारी आहे. गॅसच्या टाक्या बोटीवरून उतरवा. बॅटऱ्या सोडवा, अल्टरनेटरच्या तारा काढा, इन्व्हर्टर आणि सोलर कंट्रोलर सोडवा. वेल्डिंगचा प्रवाह त्यांच्यातून वाट काढतो. डिझेलची टाकी बहुधा बोटीच्या पत्र्याचीच असते, तिच्या भिंतीवर वेल्डिंग असेल तर ती रिकामी करून धुवून वेल्डरच्या सांगण्याप्रमाणे सुरक्षित करावी लागते. ज्या भागात बाहेरून ज्योत लागणार तिथलं आतलं लाकडी अस्तर आणि फोम खरवडून काढा. स्प्रे फोम पेटला तर त्याचा धूर विषारी असतो. आणि वेल्डिंग चालू असताना, तसंच संपल्यावर तासभर, आत एक माणूस पाण्याची बादली आणि अग्निशामक घेऊन बसलेला हवा. तो माणूस तुम्हीच. विमा कंपनीला आधी कळवा. यार्डाचा ‘हॉट वर्क’चा विमा आहे का, तेही विचारा.

तिसरी पायरी: डांबर आणि ॲनोड

बोट बाहेर आल्या-आल्या, शेवाळं ओलं असतानाच प्रेशर वॉशर मारा. एक रात्र गेली की ते सिमेंटसारखं वाळतं. धुतल्यावर तपकिरी गाठी आणि त्याखाली चकचकीत खड्डे दिसले तर सर्व्हेअरला दाखवा. काही जिवाणूंमुळेही असा गंज धरतो आणि त्यावर नुसतं डांबर फासलं तर तो आत चालूच राहतो.

बिट्युमेन स्वस्त, स्वतः लावता येतं, दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा लावावं लागतं. पाण्यावर तरंगणाऱ्या डिझेलने ते पाण्याच्या रेषेवर विरघळतं, म्हणून तिथे एक हात जास्तीचा द्या. टू-पॅक इपॉक्सी बरीच जास्त वर्षं टिकतं, पण त्याला पत्रा ग्रिट ब्लास्टिंगने उघडा चांदीसारखा लागतो. जुन्या डांबरावर इपॉक्सी बसत नाही. तेव्हा ओव्हरप्लेटिंग केलंच असेल, पत्रा नवाच असेल, तर इपॉक्सीचा खर्च करायची हीच वेळ. पूर्वी तळाला खालून काही लावत नसत, ‘तिथे ऑक्सिजनच नाही’ म्हणून. आता बरेच सर्व्हेअर तळही रंगवा म्हणतात आणि मला ते पटतं.

ॲनोड म्हणजे पत्र्याऐवजी स्वतः झिजणारा धातूचा तुकडा. कालव्याच्या गोड्या पाण्यात तो मॅग्नेशियमचा. झिंक समुद्रासाठी. तो पत्र्याला वेल्ड करतात आणि त्यावर डांबर लावायचं नसतं. उत्साही मदतनीस हमखास लावतो. एक ॲनोड स्वतःच्या आसपासचे काही फूटच सांभाळतो, त्यामुळे फक्त दोन्ही टोकांना लावले तर मधली बोट उघडी. यार्डाच्या विजेला कायम जोडून राहणार असाल तर गॅल्व्हॅनिक आयसोलेटर किंवा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर बसवा. नाहीतर अर्थच्या तारेतून शेजारच्या बोटींशी बॅटरी तयार होते आणि तुमचे ॲनोड त्यांच्यासाठी झिजतात.

चौथी पायरी: सुकाणू, पंखा, शाफ्ट

बोट अजून बाहेर आहे, तोवर हे उरका. सुकाणू हातात धरून हलवा. खालच्या वाटीत किंवा वरच्या बेअरिंगमध्ये खडखड असेल तर आत्ताच बदला. पंखा वर-खाली उचलून बघा. शाफ्ट जाणवण्याइतका हलत असेल तर बेअरिंग गेलं. पंख्याच्या कडा वाकल्या असतील, तारांनी खाल्ल्या असतील तर तो पुलरने काढून प्रोपेलरवाल्याकडे द्या. हातोड्याने पंखा काढू नका, गिअरबॉक्स मार खातो. पंख्याच्या मधल्या भागावर, बॉसवर, कोरलेले आकडे, उदाहरणार्थ १७ x १२, म्हणजे व्यास आणि पिच इंचांत. ते वहीत लिहून ठेवा.

मग ग्लँड, शाफ्ट बोटीबाहेर जातो तिथे पाणी अडवणारी. विहिरीवरच्या पंपाची ग्लँड दोरी ज्याने कधी भरली आहे त्याला इथे काहीच नवीन नाही. जुनी दोरी हुकने पूर्ण बाहेर काढायची, एखादी कडी आत राहून जाते. मोजून योग्य मापाची दोरी आणायची, शाफ्टभोवती गुंडाळून ४५ अंशात कापायची, प्रत्येक कडीचा सांधा वेगळ्या बाजूला येईल अशी बसवायची. नट दोन्ही बाजूंनी सारखे, आणि हातानेच. गळती थांबावी म्हणून पान्ह्याने आवळत गेलात तर दोरी जळते आणि शाफ्टला खाच पडते. बोट चालत असताना थोडं ठिबकलं तर ठीक. तासभर चालवून ग्लँडवर हात ठेवा: कोमट चालेल, हात ठेवता येत नसेल तर जास्त आवळलं आहे. संध्याकाळी बोट काठाला बांधल्यावर ग्लँडमध्ये ग्रीस भरणारा ग्रीसर जोर लागेपर्यंत फिरवा, म्हणजे रात्रभर थेंबही येत नाही.

पाचवी पायरी: इंजिन

जुन्या बोटीत बहुधा लिस्टर किंवा बीएमसी भेटतं. ग्लॉस्टरशरमधल्या डर्सलीच्या लिस्टर कंपनीचं नाव आपल्याकडच्या शेतकऱ्यांना परकं नाही. तिच्या जुन्या संथ इंजिनांच्या नकला राजकोटच्या कारखान्यांनी किती तरी वर्षं बनवल्या. बोटीत सापडतं ते एसआर २, दोन सिलिंडरचं, हवेने थंड होणारं, कानठळ्या बसवणारं आणि जवळजवळ अमर. बीएमसी १.५ तर त्याहून ओळखीचं: हिंदुस्थान मोटर्सच्या डिझेल अँबॅसडरमध्ये १४८९ सीसीचं हेच इंजिन होतं. मुंबई-पुण्यात अँबॅसडरची टॅक्सी सांभाळलेला एखादा मेकॅनिक काका ओळखीत असेल तर त्याला व्हिडिओ कॉल लावा. नॉर्थॅम्प्टनशरमधल्या पोऱ्यापेक्षा त्याला जास्त कळेल.

इंजिन सुरू करण्याआधी त्यावर हात ठेवा. विकणाऱ्याने आधीच तापवून ठेवलं असेल तर गार इंजिन कसं सुरू होतं ते लपतं. गार असताना निळा धूर म्हणजे तेल जळतंय. काळा म्हणजे हवा कमी, डिझेल जास्त, किंवा पंखा इंजिनाला झेपत नाही. पांढरा धूर तापल्यावरही राहिला तर कंप्रेशन, इंजेक्टर किंवा हेड गॅस्केट. तेलाच्या झाकणाखाली फेसाळ पिवळट थर बघा. मरीन इंजिनिअरला कंप्रेशन टेस्ट आणि तेलाच्या नमुन्याची चाचणी करायला सांगा. इंजिन उघडायचं की नाही हे त्या दोन कागदांवर ठरवा, आवाजावर नको.

पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनात कालव्याचं घाण पाणी आत घेत नाहीत. बोटीच्या बाजूला आतून चिकटलेली एक चपटी टाकी असते, स्किन टँक, आणि तिच्या पत्र्यातून उष्णता कालव्यात जाते. ठोकताळा असा: दर ४ अश्वशक्तीला १ चौरस फूट, आणि फक्त पाण्याला लागून असलेली बाजू मोजायची. ३८ अश्वशक्तीच्या इंजिनाला साडेनऊ चौरस फूट झाले. जुन्या मालकाने लहान इंजिन काढून मोठं बसवलं असेल तर टाकी तीच राहिलेली असते. कालव्यात ताशी ३ मैलांनी जाताना काही कळत नाही. नदीत, ट्रेंट किंवा सेव्हर्नवर, प्रवाहाविरुद्ध जोर लावला की तापमानाचा काटा चढतो. टाकी वाढवायची तर वेल्डिंग आलं, म्हणून हा हिशेब बोट डॉकमध्ये असतानाच करायचा. काटा चढण्याचं दुसरं, फुकटात सुटणारं कारण म्हणजे टाकीच्या वरच्या भागात अडकलेली हवा. तिथला स्क्रू सैल करून ती सोडा.

डिझेलच्या टाकीच्या तळाचं पाणी काढा. पाणी आणि डिझेल जिथे भेटतात तिथे काळा चिकट गाळ वाढतो आणि बोट हलली की फिल्टर तुंबतो, तेही बहुतेक लॉकच्या तोंडाशी. फिल्टर बदलून हवा काढायला शिका: लिफ्ट पंपाचा हातचा खटका, फिल्टरवरचा स्क्रू, पंपावरचा स्क्रू, शेवटी इंजेक्टरचे नट, याच क्रमाने. हे एकदा इंजिनिअरकडून स्वतःच्या बोटीवर शिकून घ्यायलाच हवं.

अलाइनमेंटचं काम मात्र त्याचंच. इंजिन आणि शाफ्टच्या कपलिंगच्या दोन तबकड्यांमधली फट तो फीलर गेजने चारी बाजूंनी मोजतो. कपलिंगच्या व्यासाच्या दर इंचाला एक हजारांश इंच इतकाच फरक चालतो. आणि हे बोट पाण्यात तरंगत असताना मोजायचं. ठोकळ्यांवर ठेवलेली बोट वेगळी वाकलेली असते. डॉकमध्येच ‘करून टाकतो’ म्हणणाऱ्याला नम्रपणे थांबवा. इंजिनाखालचे रबरी माउंट तेलाने मऊ झाले असतील तर ते आधी बदला, नाहीतर महिन्याभरात पुन्हा तेच.

गॅस आणि वीज

गॅसला हात लावू नका. प्रोपेन हवेपेक्षा जड असतो. घरात गळला तर दाराखालून जातो, बोटीत गळला तर बिल्जमध्ये साठून ठिणगीची वाट बघतो. बोटीवर राहणार असाल तर काम गॅस सेफ या ब्रिटनमधल्या गॅस कारागिरांच्या यादीत नोंदणी असलेल्या, आणि त्यातही बोटीवरच्या एलपीजीची पात्रता असलेल्या माणसाकडूनच करून घ्यावं लागतं. त्याचं कार्ड मागून बघा, मागच्या बाजूला पात्रता लिहिलेली असते. कोणी वाईट वाटून घेत नाही. त्याच्याकडून गळती दाखवणारा बबल टेस्टर बसवून घ्या. गॅसच्या कप्प्याची निचऱ्याची भोकं रंगाने बुजलेली नाहीत ना, हे मात्र तुम्ही बघा.

विजेत स्वतः करण्यासारखं खूप आहे. जुन्या बोटीतल्या तारा थर्मोकोलला टेकून असतील तर त्यांचं आवरण चिकट आणि ठिसूळ झालेलं असतं. त्या सगळ्या बदला. तारेची जाडी घरच्या सवयीने धरू नका. पाच अँपिअर घेणारा फ्रिज मागच्या बॅटऱ्यांपासून १२ मीटरवर असेल तर जाऊन-येऊन २४ मीटर तार झाली. २.५ चौरस मिमीच्या तारेत जवळपास ०.९ व्होल्ट वाटेतच संपतात, ६ चौरस मिमीच्या तारेत ०.४ च्या आत. बारा व्होल्टमधून एक व्होल्ट गेला की फ्रिज बंद पडतो आणि लोक बॅटरीला शिव्या देतात. प्रत्येक वायरला बॅटरीच्या बाजूला फ्यूज, बॅटरीला हाताशी असलेला मुख्य स्विच, आणि बॅटऱ्या हलणार नाहीत अशा बांधलेल्या. २३० व्होल्टचा भाग मरीन इलेक्ट्रिशियनला द्या.

हे झालं की बोट सेफ्टी स्कीमचा परीक्षक बोलवा. प्रमाणपत्र चार वर्षं चालतं आणि परवान्याला लागतं. तो गॅस, इंधन, वीज, शेगडी, हवेच्या जाळ्या, अग्निशामक आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बघतो. हा अलार्म एप्रिल २०१९ पासून सक्तीचा आहे. पत्रा किती जाड आहे हे तो बघत नाही. ‘सर्टिफिकेट आहे, म्हणजे बोट ठणठणीत’ असं सांगणाऱ्या विक्रेत्याला हे माहीत असतं.

कारागिरांशी कसं वागायचं

ब्रॉन्स्टनसारख्या गावांत आणि कालव्याकाठच्या यार्डांत खूप चांगले वेल्डर आणि फिटर आहेत, आणि ते कायम व्यग्र असतात. ‘बघून घ्या जरा सगळं’ असं सांगितलं की बिल सगळ्याचं येतं. एका पानावर कामं लिहून द्या, फोटोंसह: काय हवं, काय नको, काय उघडल्यावर ठरवायचं. ठरावीक कामाला ठरावीक रक्कम मागा. गंज उघडल्यावर वाढणाऱ्या कामाला ताशी दर मान्य करा, पण अमुक रकमेच्या पुढे जायचं असेल तर आधी फोन, हे लिहून घ्या. काढलेले जुने भाग परत मागा. बाहेरचा कारागीर आणायला यार्डाची परवानगी लागते का, तुम्हाला स्वतः काम करू देतात का, हे डॉकची तारीख घेतानाच विचारा. बरीच यार्डं देत नाहीत.

आणि मदतनीस म्हणून हजर राहा. ग्राइंडर पुसून द्या, चहा करा, प्रश्न जेवणाच्या सुट्टीत विचारा. साठीतला फिटर सगळ्यांना पहिल्या नावानेच हाक मारतो. त्याला ‘सर’ म्हटलं की तो अवघडतो. त्याने एखादं काम ‘आत्ता नको, पुढच्या डॉकिंगला’ म्हटलं तर ऐका. ज्याचा धंदा काम काढण्याचा आहे तो काम नको म्हणतोय, यापेक्षा चांगला सल्ला मिळत नाही.

मग लाकूड, मग रंग

खिडक्या काढून फ्रेमच्या निचऱ्याची भोकं साफ करा आणि न सुकणाऱ्या सीलंटवर पुन्हा बसवा. बाहेरून बोटाने सिलिकॉन फासून गळती थांबत नाही. शेगडीच्या मागची भिंत आणि धुराड्याभोवतीचं अंतर बीएस ८५११ या ब्रिटिश मानकाच्या मार्गदर्शनाप्रमाणे ठेवा. केबिनच्या मागच्या टोकाला फळीत एक झाकण ठेवा, बिल्ज कोरडं आहे का बघायला. छत फिक्या रंगाचं ठेवा, गडद छताखाली जुलैत भाजून निघाल. गुलाब नि किल्ल्यांची पारंपरिक चित्रं हवी असतील तर ती रंगवणारे लोक आहेत, त्यांचीही तारीख आधी घ्यावी लागते.

पहिली फेरी यार्डापासून तासाभराच्या आतली ठेवा, शक्यतो शनिवारी नको, कारण रविवारी फिटर येत नाही. दर वीस मिनिटांनी इंजिनखोली उघडून ग्लँड, बिल्ज, तापमान आणि डिझेलचे सांधे बघा. वीड हॅच (पंख्यावरचं झाकण) बंद करून ठेवल्याची खात्री दर वेळी इंजिन सुरू करण्याआधी करा. ते उघडं राहिलं तर पंखा पाणी थेट आत फेकतो. लॉकमधून खाली उतरताना बोट पुढे ठेवा, मागचं सुकाणू लॉकच्या आतल्या उंबरठ्यावर अडकलं तर बोट टांगली जाते. हेड उघडून काम केलं असेल तर सुरुवातीच्या काही तासांनंतर बोल्ट आणि टॅपेट पुन्हा तपासायला इंजिनिअरला बोलवा, आणि तोवर इंजिनाचे तास वहीत लिहीत जा.